हायबॉनेट जीप: पुढच्या चाकाची घरघर, बेरिंग बदलू की अख्खा ॲक्सल?

हिरण्यकेशीकर

रामराम मंडळी. गाडी महिंद्राची सीजे-३बी, म्हणजे आपली हायबॉनेट. डाव्या हाताचं स्टिअरिंग, इंजिन पेट्रोलचं, मूळचं हरिकेन जातीचंच. मामांनी आजऱ्यात वापरली, आता माझ्याकडं आलीय. रोजच्या वापरात नाही, पण शेतावर जायला आणि पावसाळ्यात बंधाऱ्यावरनं पलीकडं जायला हीच लागते.

त्रास असा आहे. चाळीसच्या पुढं गेलं की पुढनं घरघर सुरू होते. उजवीकडच्या वळणाला ती वाढते, डावीकडच्या वळणाला जवळजवळ बंद होते. दुसरं म्हणजे एखादा खड्डा लागला की स्टिअरिंग दोन्ही हातांत थरथरायला लागतं आणि गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय शांत होत नाही. डाव्या चाकाच्या आतल्या बाजूनं टायरवर तेलाचे ओघळ आहेत. ब्रेकचं तेल नाही, वास डिफ्रन्शियलच्या (ॲक्सलच्या मधल्या गिअरपेटीच्या) तेलाचा येतो.

इथल्या मेस्त्रीनं गाडीला हात न लावताच यादी दिली: चाकांची चारही बेरिंग, दोन्ही स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं त्या नळ्या), किंगपिन (चाक ज्यावर वळतं ते खुंट), आतले जॉइंट. वर म्हणाला, एवढ्यात भंगारातला नंतरच्या जीपचा अख्खा पुढचा ॲक्सल बसवून देतो, कटकट नको. मला मूळ ॲक्सल काढायचा नाही. घरी जॅक, घोड्या (स्टँड), पान्यांचा सेट आहे, हात काळे करायची तयारी आहे. सुरुवात कुठनं करू? आणि बेरिंगचे नंबर कुणाला माहीत आहेत का?

पेठेतला पाना

दादा, एवढा विचार कशाला? नंबर लिहून घ्या: कोन (रोलरसकट आतलं कडं) १८५९०, कप (बाहेरचं कडं) १८५२०. एका हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुंब्यात) दोन जोड, आतलं-बाहेरचं एकच, म्हणजे पुढच्या दोन चाकांना चार जोड. पुण्यात नाना पेठेत सहज मिळतात. सील आणि नमद्याचा (जाड लोकरी वॉशरचा) सेट बरोबर घ्या. जुनं ठोकून काढा, नवं ठोकून बसवा, नट कचकचून आवळा म्हणजे प्ले (ढिलेपणा) राहणार नाही. एका रविवारचं काम. मी माझ्या जीपला असंच केलंय.

अण्णा वर्कशॉप

नंबर बरोबर दिलेत. कचकचून आवळायचं मात्र कुणी करू नका, त्यावर पुढं येतो.

हिरण्यकेशीकर, तुमच्या लिहिण्यावरनं मला एक नाही, तीन वेगवेगळे आजार दिसतायत. उजवीकडं वळताना गाडीचा भार डाव्या चाकावर जातो, आणि घरघर तेव्हाच वाढते. म्हणजे डाव्या हबचं बेरिंग. थरथर बेरिंगनं सहसा येत नाही, तिचं मूळ किंगपिनच्या बेरिंगात नाहीतर लिंकेजमध्ये, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यांत, असतं. आणि तेल हा तिसराच विषय, त्याचा या दोघांशी संबंध असेलही, नसेलही. मेस्त्रीनं यादी दिली कारण यादी द्यायला गाडी उचलावी लागत नाही. एसटीच्या वर्कशॉपात माझी नोकरी गेली, तिथं साहेब एकच विचारायचे: प्ले नेमका कुठला आहे ते सांग, मग स्टोअरची चिठ्ठी देतो. चिठ्ठीवर सही नाही तर सामान नाही.

तर प्ले शोधायचा असा. मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं एक चाक उचला, ॲक्सलखाली घोडी. नुसत्या जॅकवर खाली वाकायचं नाही. चाक वरनं आणि खालनं धरून आत-बाहेर हलवा. टकटक लागली तर घरातल्या कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला बसवा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबला की लायनर ड्रमला धरतात, हब आणि नकल (चाकाबरोबर वळणारा सांध्याचा भाग) एकजीव होतात, मधलं बेरिंग हिशेबातनं निघून जातं. म्हणजे ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर तो हबच्या बेरिंगचा. ब्रेक दाबूनही चाक हलतंय तर किंगपिन. मग चाक डाव्या-उजव्या बाजूनं धरून हलवा, त्यात टाय रॉडचे (चाकं वळवणाऱ्या दांड्यांचे) एंड आणि मधला बेलक्रँक (स्टिअरिंगची ओढ त्या दांड्यांना देणारा तुकडा) कळतो. बेलक्रँककडं कुणी बघत नाही, आणि हायबॉनेटच्या थरथरीत त्याचा हात पुष्कळदा असतो. चाचणी दोन्ही चाकांना करा. एका बाजूला दोष सापडला म्हणून दुसरी सोडायची नाही.

तेलासाठी एक सोपी गोष्ट. नकलच्या गोल हाऊसिंगवर ग्रीज भरायचा प्लग असतो. तो उघडा. आतनं ग्रीज दिसलं तर ठीक. नव्वद नंबरचं पातळ तेल धार धरून आलं तर ॲक्सलच्या नळीतलं आतलं सील गेलंय, आणि डिफ्रन्शियलचं तेल नकलमध्ये येऊन नमद्यातनं बाहेर पडतंय. गाडी उभी करायची जागा डाव्या अंगाला उतरती आहे का तेही बघा. कलत्या जागेवर महिनोन् महिने उभ्या गाडीचं तेल एकाच बाजूला येऊन बसतं.

एवढं करून इथं लिहा. तोवर काही विकत घेऊ नका.

म्हापशेकर

अण्णांच्या म्हणण्यात थोडी भर घालतो. बंधाऱ्यावरून जाता म्हणालात. घाट उतरून आलेल्या गाडीचे ड्रम आणि हब तापलेले असतात. तशीच पाण्यात घातली की हब एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेनं पाणी आत ओढलं जातं. आमच्याकडं खाडीकाठच्या खाजन भागातलं पाणी खारं, तिथं तर बेरिंगची वाट फारच लवकर लागते. पाण्यात घालण्याआधी जरा थांबायचं, आणि पावसाळा संपला की हब एकदा उघडायचाच, आवाज असो वा नसो.

हिरण्यकेशीकर

अण्णा, तुम्ही सांगितलं तसं केलं. ब्रेकवर मुलीला बसवलं होतं.

डावं चाक: वर-खाली धरून चांगलाच प्ले. ब्रेक दाबला की पूर्ण बंद. उजवं चाक: प्ले कमी, पण ब्रेक दाबूनही तेवढाच राहतो. वर बघितलं तर नकलची वरची टोपीच हलताना दिसते. टाय रॉडचे एंड ठीक वाटले, बेलक्रँकही घट्ट आहे, तो मामांनी बदलून घेतला होता असं मामी म्हणाल्या. डाव्या नकलचा प्लग काढला आणि पातळ काळं तेल भदाभदा आलं. उजवीकडं ग्रीज आहे, जुनं पण ग्रीजच. आणि हो, शेडमधली जागा डावीकडं उतरती आहे.

आता डावा हब खोलायचा म्हणतोय. फ्लँजपर्यंत (हबच्या तोंडावरच्या चकतीपर्यंत) कळतं, पुढचं सांगा. चाकाचे नट मात्र डावीकडं सुटेचनात, पाइप लावून बघितलं.

अण्णा वर्कशॉप

पाइप आधी बाजूला ठेवा. जुन्या जीपला डाव्या बाजूच्या चाकाच्या बोल्टांना उलटे आटे असतात. बोल्टाच्या टोकावर एल अक्षर कोरलेलं आहे का, तारेच्या ब्रशनं घासून बघा. असेल तर उजवीकडं फिरवून सुटतील. तुम्ही आत्तापर्यंत आवळत होता.

हब. मधली टोपी काढा, शाफ्टच्या टोकाचा नट काढा, मग फ्लँजचे सहा बोल्ट. फ्लँज बसलेली असते, पुलर लावा, छिन्नी घालून उचकटू नका, पॅकिंगची जागा खराब होते आणि तिथनं आयुष्यभर ग्रीज पाझरतं. आत दोन मोठे नट दिसतील, मध्ये कान मुडपलेला लॉक वॉशर. कान सरळ करा, बाहेरचा नट, वॉशर, मग आतला नट. या नटांना बॉक्स पाना लागतो. तुमच्या नटांचे कोपरे छिन्नीनं गोल झालेले निघाले तर मला नवल वाटणार नाही, निम्म्या जीपांचे तसे असतात. पाना बाजारात मिळाला नाही तर कोल्हापुरात उद्यमनगरात जाडजूड पाइपचा करून मिळतो, तो करूनच घ्या. ड्रम अडकला तर ब्रेकचं ॲडजस्टमेंट मागं घ्या, घण घालू नका.

हब ड्रमसकट बाहेर येतो. बाहेरचा कोन हातात येईल, आतला सीलच्या मागं असतो. सगळं रॉकेलमध्ये धुवा आणि चिंधीनं पुसा. कॉम्प्रेसरच्या हवेनं बेरिंग गरगरा फिरवायची पोरांना फार हौस असते. ते करू द्यायचं नाही, पिंजरा सुटला तर रोलर गोळीसारखा येतो.

आता जुनं बेरिंग फेकू नका, आधी वाचा. कपावर तपकिरी डाग आणि बारीक खड्डे असतील तर पाणी गेलंय, म्हापशेकरांचं निदान. कोन निळसर झाला असेल तर तापलाय, म्हणजे ग्रीज संपलं किंवा कुणीतरी नट कचकचून आवळला. कपाच्या एकाच बाजूचे पोपडे उडाले असतील तर कप मागच्या वेळी तिरका बसलाय, खाली कचरा राहिला असणार. रोलरच्या अंतरानं सरळ आडव्या खुणा असतील तर धक्का, ठोकाठोक. कारण कळल्याशिवाय नवं घातलं तर तेही त्याच वाटेनं जाणार.

मग स्पिंडल. कोन ज्या दोन जागांवर बसतो तिथं नख फिरवा. कोन स्पिंडलवर हातानं सरकला पाहिजे, ते बरोबरच आहे, तो ठोकून बसवायचा नसतो. पण जागेवर पायरी लागली, नख अडकलं, तर स्पिंडल गेलं. अशा वेळी डॉट पंचानं टिकल्या मारून कोन घट्ट करणारे मेस्त्री असतात. त्या टिकल्या आठवड्याभरात चेपतात. वेल्डिंगनं भर घालून लेथवर उतरवून देतो म्हणणारेही असतात. चाकाचा सगळा भार या एका नळीवर असतो, वेल्डिंगच्या कडेला ती कधी तडकेल सांगता येत नाही. मी स्पिंडलवर वेल्डिंग करू देत नाही, कुणी कितीही हुशार असला तरी. चांगलं जुनं किंवा नवं स्पिंडल घ्या. आतल्या टोकाला शाफ्टचं पितळी बुश आहे, तेही बघून घ्या.

कप काढायला पितळी पंच, आळीपाळीनं समोरासमोर. नवा बसवताना जुनाच कप बाहेरनं थोडा घासून घ्या आणि नव्यावर ठेवून त्यावर ठोका. घासलेला असल्यामुळं तो आत अडकत नाही आणि नव्याच्या तोंडाला हातोडा लागत नाही. कप तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो, भरीव येतो. तो आवाज येईपर्यंत थांबायचं नाही.

ग्रीज लिथियमचं, दुकानात एपी-३ म्हणून मागा. तळहातावर गोळा घ्यायचा आणि कोनाची रुंद कड त्यावर दाबत राहायची, रोलरच्या वरच्या बाजूनं ग्रीज बाहेर येईपर्यंत. नुसतं वरनं माखणं म्हणजे ग्रीज लावणं नव्हे. जुनं कुठलं होतं माहीत नाही, म्हणून हब आतनं पूर्ण पुसून काढा, दोन जातींची ग्रीज एकमेकांत मिसळायची नाहीत. आणि हब गच्च भरू नका, जास्तीचं ग्रीज तापून सीलमधनं लायनरवर येतं.

आता आवळणं, आणि पेठेतल्या पानासाहेबांनीही हे वाचावं. चाक हातानं फिरवत फिरवत आतला नट आवळा, चाक जड होईपर्यंत. त्यानं रोलर जागेवर बसतात. मग नट एक-षष्ठांश फेरा मागं घ्या, म्हणजे सहा कोपऱ्यांच्या नटाचा एक कोपरा. चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि हलता कामा नये. जड वाटलं तर आणखी किंचित मागं. मूळ जीप बनवणाऱ्या विलिजच्या मॅन्युअलमध्ये हेच सांगितलंय. मग लॉक वॉशर, बाहेरचा नट घट्ट, आणि पुन्हा एकदा प्ले बघा, कारण बाहेरचा नट आवळताना आतला थोडा सरकतो. सगळं पटलं की मगच कान मुडपा.

पेठेतला पाना

अण्णा, माझी जीप अजून तरी व्यवस्थित चालते. पण हबला हात लावला तर चटका बसतो हे खरं, मी ते ब्रेकमुळं समजत होतो. येत्या रविवारी उघडतो.

एक विचारायचं होतं. बाजारात बेरिंगची खोकी हुबेहूब असतात, आत काय आहे ते कसं ओळखायचं?

अण्णा वर्कशॉप

खोक्यावरनं ओळखू नका. कोन आणि कप दोन्हींवर नंबर आणि कंपनीचं नाव नीट कोरलेलं पाहिजे, हात लावल्यावर पुसणारी छपाई नको. व्हर्नियर घेऊन जा: कोनाचं भोक ४१.२७५ मिमी, कपाचा बाहेरचा व्यास ७३.०२५. इंचात १ ५/८ आणि २ ७/८. गाडीचं घराणं अमेरिकन, त्यामुळं मापं इंचातलीच. जवळपासचं मेट्रिक माप ‘चालतंय की’ म्हणून कुणी दिलं तर घेऊ नका. आणि एका कंपनीचा कप, दुसऱ्याचा कोन असा जोड लावायचा नाही.

हिरण्यकेशीकर

नट उलट्या आट्यांचेच निघाले. एल अक्षर गंजाखाली होतं.

डावा हब उघडला. आतल्या कपावर तपकिरी डाग, खालच्या बाजूला पोपडे. सीलची कड दगडासारखी कडक झालेली. स्पिंडलवर बाहेरच्या बेरिंगच्या जागी रेघ दिसते, पण नख अडकत नाही. नटाचे कोपरे गोल, तुम्ही म्हणालात तसे. आता तेलाचं आणि उजवीकडच्या किंगपिनचं काय करू? आणि तो ॲक्सल बदलायचा मुद्दा, मेस्त्री परवा पुन्हा म्हणाला.

अण्णा वर्कशॉप

नख अडकत नाही तर स्पिंडल ठेवा, बारीक पॉलिश पेपर मारा.

हब निघालाच आहे, तर डावीकडं आणखी पुढं जा. स्पिंडलचे सहा बोल्ट काढले की ब्रेकची प्लेट आणि स्पिंडल सुटतं. प्लेट तारेनं वर बांधा, ब्रेकच्या रबरी पाइपला लोंबकळू देऊ नका. शाफ्ट जॉइंटसकट बाहेर ओढा, त्याच्यामागं नळीच्या तोंडाशी ते सील आहे. बदलताना शाफ्टवर सील जिथं फिरतं ती जागा बघा, तिथं खाच पडली असेल तर नवं सीलही गळणार. जॉइंट हातात धरून वाकवा, अडखळला नाही तर परत तसाच घाला. मेस्त्रीच्या यादीतला तो खर्च वाचला. बाहेरचा नमदा बदलण्याआधी गोल हाऊसिंगचा चेंडू बघा. गंजानं खड्डे पडलेल्या चेंडूवर नवा नमदा एका पावसाळ्यात फाटतो. पेपरनं गुळगुळीत करा. डिफ्रन्शियलचं तेल प्लगच्या भोकाच्या कडेपर्यंतच, वर नाही. शेडमध्ये डाव्या चाकाखाली फळी टाका.

उजवीकडं किंगपिनला हायबॉनेटमध्ये बुश नाही, वर-खाली एकेक टेपर बेरिंग आहे. नंबर ११५९० आणि ११५२०, एका नकलला दोन. टाय रॉड सोडवा, नमदा काढा, म्हणजे नकल मोकळा फिरेल. वरच्या टोपीखाली पत्र्याचे पातळ शिम असतात. एक शिम काढा, टोपी आवळा, नकल फिरवून बघा. प्ले जाऊन फिरवताना सगळीकडं सारखा ताण लागला तर बेरिंग चांगलं होतं, नुसतं सैल झालं होतं, काम संपलं. मधल्या जागी नकल अडकल्यासारखा, खाचेत बसल्यासारखा वाटला तर कपाला खड्डे पडलेत. गाडी सरळच जास्त चालते, त्यामुळं खड्डे मधेच पडतात. मग शिम काढून उपयोग नाही, चारही बेरिंग बदला, डावीकडचीही. ताण बघायला वजनाचा स्प्रिंगचा काटा टाय रॉडच्या भोकात अडकवून ओढा. दोन्ही नकलना काटा सारखाच दिसला पाहिजे. एका बाजूला जड, एका बाजूला हलकं ठेवू नका.

टाय रॉड जोडल्यावर टो-इन बघायचं. चाकं पुढनं किंचित आत: ३/६४ ते ३/३२ इंच, साधारण १.२ ते २.४ मिमी. टायरवर खडूची रेघ आणि दोन माणसं पुरतात, कॉम्प्युटरवाल्याकडं न्यायची गरज नाही.

ॲक्सल बदलायचं विसरा. मूळ हायबॉनेटच्या ॲक्सलचा गिअर रेशो ५.३८ आहे, क्राऊनचे (मोठ्या गिअरचे) दात ४३, पिनियनचे (छोट्याचे) ८. नंतरच्या जीपचा ॲक्सल वेगळ्या रेशोचा निघाला तर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरायला बघतील. टू-व्हीलमध्ये कळणारच नाही. चिखलात फोर-व्हील टाकली की सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर), आणि शेतात नांगरटीच्या कडेला मोडून उभी राहाल. मेस्त्रीला म्हणावं, दोन्ही ॲक्सलचे दात मोजून कागदावर लिहून दे, मग बोलू.

गाडी जोडून झाली की गडहिंग्लजपर्यंत जाऊन या, उतरल्याबरोबर दोन्ही हबना हात लावा. दोन्ही सारखे कोमट पाहिजेत. एक जास्त तापला तर त्या बाजूचा नट पुन्हा बघा. थोडं चालवून झाल्यावर चाक एकदा उचलून प्ले तपासा, नवे कप बसताना किंचित जागा देतात. आणि उजवीकडनं शिम काढल्यावर मधे अडकलं की नाही, ते इथं लिहा.